डीएनए ‘नॉट डिटेक्टेड’, मग पुढे?

१९९३ सालचा उन्हाळा. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’मध्ये हिपॅटायटिस बीच्या १५ रुग्णांवर फियालुरिडिन नावाच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. रक्तातला विषाणूचा डीएनए झपाट्याने उतरत होता आणि कागदावर औषध यशस्वी ठरत होतं. तेराव्या आठवड्यात एका रुग्णाचं यकृत निकामी व्हायला लागलं, रक्तात लॅक्टिक आम्ल साठलं, त्याला दाखल करावं लागलं. सगळ्यांचं औषध तातडीने बंद केलं, तरी आणखी सहा जण त्याच वाटेने गेले. सातांपैकी पाच दगावले. दोघे यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले. औषधाने यकृतपेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांनाच इजा केली होती. डीएनएचा आकडा खोटा नव्हता. त्याला फक्त विषाणूची खबर होती, यकृताचं काय चाललंय ते त्याला विचारून उपयोग नव्हता.

फियालुरिडिन तिथेच संपलं. आज वापरात असलेली एन्टेकाविर आणि टेनोफोविर ही औषधं जगभर लाखो लोक वर्षानुवर्षं घेतात आणि ती बऱ्यापैकी निर्धोक आहेत. प्रश्न मात्र शिल्लक आहे: उपचार चालू असताना रक्तातल्या कोणत्या आकड्यावर कशासाठी विसंबायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हा संसर्ग होता. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. ज्यांना आहे आणि ज्यांची गोळी चालू आहे, त्यांच्या घरी रिपोर्टांची फाइल जाड होत जाते, पण तिच्यातले कितीतरी कागद नवीन काहीच सांगत नाहीत. एचबीएसएजी ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द दर तीन महिन्यांनी पैसे मोजून पुन्हा छापून आणणारे रुग्ण थोडे नाहीत.

हा एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन. आपल्याकडच्या काही लॅबच्या कागदांवर त्याचं जुनं नाव, ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’, अजून दिसतं. बरूक ब्लुमबर्ग आणि हार्वी ऑल्टर यांनी १९६५मध्ये ते प्रसिद्ध केलं. ब्लुमबर्ग तेव्हा काविळीच्या मागावर नव्हतेच. माणसामाणसांत रक्तातली प्रथिनं कशी बदलतात, याचा ते अभ्यास करत होते. अनेकदा रक्त घेतलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तातली प्रतिद्रव्यं ऑस्ट्रेलियातल्या एका मूलनिवासी माणसाच्या रक्ताशी जुळली आणि विषाणूचा माग लागला. ब्लुमबर्ग यांना १९७६मध्ये नोबेल मिळालं. निदानासाठी ही तपासणी आजही पहिली आहे. गोळी सुरू झाल्यावर मात्र नुसतं ‘पॉझिटिव्ह की निगेटिव्ह’ विचारण्यात फारसा अर्थ राहत नाही, कारण उत्तर बहुधा अनेक वर्षं तेच येणार असतं. हा अँटिजेन रक्तातून कायमचा जाणं याला ‘फंक्शनल क्युअर’ म्हणतात आणि गोळ्यांवर ते भाग्य वर्षाला शंभरातल्या जेमतेम एखाद्याच्या वाट्याला येतं.

असं का, हे समजायला विषाणूचा कारभार पाहावा लागतो. यकृतपेशीच्या केंद्रकात शिरल्यावर हा विषाणू आपल्या डीएनएचं एक बंद वर्तुळ करून ठेवतो. शास्त्रज्ञ त्याला सीसीसीडीएनए म्हणतात. त्यावरून आरएनएच्या नकला निघतात आणि त्यांतल्या एका लांब आरएनएवरून, उलट्या दिशेने, पुन्हा विषाणूचा डीएनए तयार होतो. एन्टेकाविर आणि टेनोफोविर ही शेवटची पायरी अडवतात. त्यामुळे नवे विषाणू बाहेर पडणं थांबतं, पण मूळ वर्तुळ शाबूत राहतं, आरएनए निघत राहतो, आवरणाची प्रथिनं रक्तात येत राहतात. गिरणीच्या फाटकाला टाळं ठोकलं म्हणून आतले माग थांबत नाहीत. उपचारकाळातल्या बहुतेक सगळ्या तपासण्यांचा गोंधळ या एका गोष्टीतून सुटतो: कोणती तपासणी फाटकाबद्दल सांगते आणि कोणती मागांबद्दल, एवढं पाहायचं.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला डीएनए, ही फाटकाची तपासणी. तिचं महत्त्व तैवानच्या ‘रिव्हील’ अभ्यासाने पक्कं केलं. तिथल्या ३,६५३ संसर्गित लोकांचा सरासरी ११ वर्षांहून अधिक काळ माग ठेवला गेला. ज्यांच्या रक्तात सुरुवातीला विषाणू सापडत नव्हता, त्यांच्यात यकृताच्या कर्करोगाचं एकूण प्रमाण १.३ टक्के निघालं. ज्यांच्या रक्तात दर मिलिलिटरमागे १० लाख किंवा जास्त प्रती होत्या, त्यांच्यात ते १४.९ टक्के होतं. २००६मध्ये हे आकडे आल्यावर ‘यकृताचं एसजीपीटी नॉर्मल आहे ना, मग राहू द्या’ हा जुना खाक्या चालेनासा झाला.

व्हायरल लोडचा कागद वाचण्यातच अर्धं कौशल्य आहे. जुने रिपोर्ट ‘प्रतीं’मध्ये असत, आता ते आंतरराष्ट्रीय एककांत, म्हणजे आययूमध्ये येतात. एक आययू म्हणजे साधारण पाच-सहा प्रती, आणि तेही यंत्रागणिक थोडं बदलतं. फाइलमध्ये मागचा आकडा प्रतींत आणि पुढचा आययूमध्ये असेल, तर औषध न घेताही विषाणू पाचपटीने कमी झाल्यासारखा दिसतो! दुसरी गोष्ट, हा आकडा दहाच्या पटीत वाचायचा असतो. २० लाखांवरून २० हजारांवर येणं म्हणजे दोन ‘लॉग’ची घसरण, ती खरी. २,४००चे १,९०० झाले किंवा १,९००चे २,४०० झाले, तर त्यात आनंद मानायचं किंवा झोप उडवायचं काही कारण नाही; एवढा फरक यंत्राचाच असू शकतो. तिसरी गोष्ट, ‘१०पेक्षा कमी’ आणि ‘नॉट डिटेक्टेड’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यात विषाणू सापडलाय, पण मोजता येईल इतका नाही. दुसऱ्यात तो यंत्राला सापडलाच नाही. आणि दोन्ही उत्तरं रक्तापुरती आहेत.

हा आकडा उपचारात सतत पाहावा लागतो, याचा धडा लॅमिव्हुडिनने दिला. १९९८मध्ये अमेरिकेत हिपॅटायटिस बीसाठी मान्यता मिळालेली ही पहिली गोळी. यकृत बरंच खराब झालेल्या ६५१ रुग्णांवर आशियात झालेल्या चाचणीत आजार बळावण्याचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ७.८ टक्के आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत १७.७ टक्के आलं. यश मोठंच होतं. पण विषाणूने आपल्या पॉलिमरेज या विकरामध्ये एक छोटा बदल करून या गोळीला चकवा द्यायला सुरुवात केली, आणि पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत औषध निकामी झालं. त्याची पहिली चाहूल व्हायरल लोडला लागायची: नीचांकावरून आकडा एका लॉगने, म्हणजे दहापट, वर चढला की काहीतरी बिनसलंय. एसजीपीटी त्यानंतर वाढायचं. एन्टेकाविर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत पाच वर्षांत असा प्रतिकार सव्वा टक्क्याच्या आसपास दिसतो, टेनोफोविरबाबत तर तो जवळपास नाहीच. म्हणून आज एखाद्याचा लोड अचानक चढला, तर अनुभवी डॉक्टर विषाणूच्या जनुकांची तपासणी लिहून देण्याआधी एकच प्रश्न विचारतात: गोळ्या चुकल्या का? बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

एसजीपीटी, म्हणजेच एएलटी, हा या फाइलमधला सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त गैरसमज झालेला आकडा. यकृतपेशी फुटली की हे विकर रक्तात सांडतं. कोणी फोडली, हे हा आकडा सांगत नाही. विषाणू, दारू, चरबी, क्षयाची औषधं, गावातल्या वैदूचा काढा, सगळ्यांची खूण एकच. वजन वाढलेल्या रुग्णाचा डीएनए ‘नॉट डिटेक्टेड’ असूनही एएलटी ६०-७०वर अडकून राहिलं, तर गोळी बदलण्यापेक्षा फॅटी लिव्हर शोधणं शहाणपणाचं. शिवाय लॅबच्या कागदावरची ‘नॉर्मल’ मर्यादा सैल असते. जागतिक आरोग्य संघटना पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ ही वरची मर्यादा धरते. अनेक लॅब मात्र ४०-४५पर्यंत ठळक अक्षर उमटू देत नाहीत.

सर्वांत कठीण प्रसंग असतो तो एएलटी एकदम उसळतं तेव्हा. उपचार सुरू होऊन दोन-तीन महिने झालेत, एएलटी ८०वरून ४००वर गेलं, घरात धावपळ. इथे दोन कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात. डीएनए कोसळत असताना एएलटी चढलं, तर बहुधा शरीराची प्रतिकारशक्ती जागी होऊन संसर्गित पेशींवर तुटून पडली आहे. अशा उसळीनंतर काहींचा विषाणूवर चांगला ताबा बसतो. डीएनए आधी चढला आणि एएलटी मागून आलं, तर औषध हरतंय किंवा घेतलंच जात नाहीये. एकाच एएलटीचे दोन उलटे अर्थ! मात्र दोन्ही वेळा बिलिरुबिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे आयएनआर, तपासायलाच हवेत. यकृताचं काम अजून चालू आहे का, याचं उत्तर त्यांच्याकडे असतं, आणि सिऱ्होसिस, म्हणजे व्रणांनी घट्ट झालेलं यकृत, असलेल्या रुग्णाला ‘चांगली’ उसळीही झेपत नाही.

उलट, वरवर सगळं शांत असताना आत काय होऊ शकतं, याचं उदाहरण मुंबईकरांना ठाऊक आहे. १९८२मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणातल्या अपघातानंतर अमिताभ बच्चन यांना अनेक बाटल्या रक्त द्यावं लागलं. त्यातून हिपॅटायटिस बी शिरला आणि पुढची सुमारे दोन दशकं गुपचूप राहिला. कळलं तेव्हा यकृताचा ७५ टक्के भाग खराब झालेला होता, असं त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे.

ई-अँटिजेनवर, एचबीईएजीवर, जुनी पुस्तकं भरभरून बोलतात. तो जाऊन त्याची प्रतिद्रव्यं आली, म्हणजे ‘सेरोकन्व्हर्जन’ झालं, की लढाईचा एक टप्पा जिंकला, असा हिशेब. पण १९८९मध्ये भूमध्य सागराकाठच्या रुग्णांत असे विषाणू सापडले, ज्यांच्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने ई-अँटिजेन बनणंच बंद झालं होतं आणि विषाणू मात्र जोरात वाढत होता. भारतात ‘डी’ जनुकप्रकार मोठ्या प्रमाणात आढळतो आणि त्यात हा बदल नेहमीचा आहे. त्यामुळे आपल्याकडच्या मोठ्या संख्येच्या रुग्णांना ई-अँटिजेनची तपासणी पुन्हा पुन्हा करून हाती काही लागत नाही. एकदा निगेटिव्ह आला की तो विषय बाजूला ठेवावा.

मग मागांबद्दल कोण सांगतं? इथे एचबीएसएजी नव्या रूपात परत येतो: आहे की नाही याऐवजी किती आहे, हे मोजणारी तपासणी. पेगिलेटेड इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांवर तिने मोठं काम केलं. हा उपचार ४८ आठवड्यांचा, महाग आणि ताप, थकवा, औदासीन्य देणारा. रॉटरडॅमच्या संशोधकांनी २०१०मध्ये दाखवलं, की ई-निगेटिव्ह रुग्णात १२व्या आठवड्याला एचबीएसएजी जराही घटला नसेल आणि डीएनएही दोन लॉगने उतरला नसेल, तर पुढे यश येण्याची आशा जवळजवळ नाही. इंजेक्शनं तिथेच थांबवता येतात. हा नियम ‘डी’ प्रकारात चांगला लागू पडतो, म्हणून तो आपल्या कामाचा. गोळ्यांवर मात्र एचबीएसएजी गोगलगायीच्या गतीने उतरतो. फ्रान्समधल्या एका गटाने २०१३मध्ये उताराचा वेग मोजून गणित मांडलं, तेव्हा तो शून्यावर यायला सरासरी ५० वर्षांहून जास्त काळ लागेल असं निघालं.

तरी या आकड्यालाही एक मोठी खोट आहे, आणि ती चिंपांझींनी उघड केली. एआरसी-५२० नावाचं औषध विषाणूच्या आरएनएवर नेम धरून आवरणाचं प्रथिन बंद पाडणार होतं. ई-पॉझिटिव्ह प्राण्यांत ते झालं. ई-निगेटिव्ह प्राण्यांत आणि आधीपासून गोळ्यांवर असलेल्या रुग्णांत एचबीएसएजी अपेक्षेइतका उतरेना. २०१७मध्ये कारण प्रसिद्ध झालं. विषाणूच्या डीएनएचे तुकडे यकृतपेशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांत घुसलेले असतात, आणि ई-निगेटिव्ह अवस्थेत बराचसा एचबीएसएजी या तुकड्यांतूनच निघत असतो. त्या तुकड्यांत औषधाने नेम धरलेला भागच नव्हता. म्हणजे रक्तातला एचबीएसएजी किती सीसीसीडीएनएतून आला आणि किती या घुसखोर तुकड्यांतून, हे आकडा पाहून कळत नाही.

या खोटीतूनच दोन नवी नावं पुढे आली. पहिलं जपानी, एचबीसीआरएजी: गाभ्याचं प्रथिन, ई-अँटिजेन आणि त्यांचा एक सगोत्र रेणू, अशी तिघांची एकत्र मोजणी. ही प्रथिनं प्रामुख्याने सीसीसीडीएनएच्या हुकमावर बनतात, घुसखोर तुकड्यांतून नाही. जपानच्या यकृततज्ज्ञ संघटनेने गोळी थांबवण्यासाठी या आकड्याची आणि एचबीएसएजीची मिळून गुणपद्धती केली. दोन्ही पुरेसे खाली असतील तर थांबवल्यावर यशाची शक्यता ८० ते ९० टक्के, दोन्ही वर असतील तर १० ते २० टक्के. आफ्रिकेतल्या गांबियात हाच अँटिजेन वेगळ्या कामासाठी तपासला गेला: पीसीआर यंत्र नाही तिथे व्हायरल लोडची जागा तो घेऊ शकेल का? उत्तर आशादायक आलं. आपल्या आदिवासी पट्ट्यांना हे काम व्हायरल लोडच्या नव्या यंत्रांहून अधिक उपयोगी ठरेल, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं.

दुसरं नाव रक्तातला विषाणूचा आरएनए. गोळीमुळे डीएनए बनत नाही, पण आरएनए भरलेले कण बाहेर पडत राहतात. म्हणून डीएनए ‘नॉट डिटेक्टेड’ असतानाही आरएनए मोजला तर माग चालू आहेत का ते कळतं. कल्पना देखणी आहे. पण २०२०मध्ये तिला जोराचा धक्का बसला. व्हेबिकोर्विर या नव्या औषधासोबत गोळी घेणाऱ्या रुग्णांत डीएनए आणि आरएनए दोन्ही अतिसूक्ष्म पातळीवर नेऊन ठेवले गेले आणि मग औषधं थांबवली. जवळपास सगळ्यांत विषाणू काही आठवड्यांतच परत आला. रक्तात सापडत नाही म्हणजे यकृतात नाही, हे समीकरण आरएनएलाही लागू पडलं नाही. संशोधनात या दोन्ही तपासण्यांना मोल आहे. रोजच्या बाह्यरुग्ण विभागात अजून त्यांची गरज पडत नाही.

आता साध्या तपासण्या, ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. सीबीसीच्या कागदावरचे प्लेटलेट्स, उदाहरणार्थ. यकृत घट्ट होत गेलं की प्लीहा वाढते आणि प्लेटलेट्स घटतात. एएसटी, म्हणजे एसजीओटी, आणि प्लेटलेट्स मिळून ‘एपीआरआय’ हा निर्देशांक काढता येतो: एएसटी ६०, लॅबची मर्यादा ४०, म्हणजे दीडपट, प्लेटलेट्स एक लाख, म्हणजे १००, दीडला १००ने भागून १००ने गुणलं की १.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या मार्गदर्शनात एकच्या वरचा आकडा सिऱ्होसिसकडे बोट दाखवतो. कागद-पेन्सिलीचं काम, खर्च शून्य. गोळी सुरू झाल्यावर मात्र दाह ओसरतो, एएसटी घटतं आणि एपीआरआय आपोआप सुधारतो. तेवढ्यावरून व्रण भरले असं म्हणता येत नाही. ते खरोखर भरतात, हे टेनोफोविरच्या चाचणीत पाच वर्षांनी पुन्हा बायोप्सी करून दिसलं: सुरुवातीला सिऱ्होसिस असलेल्या ९६ रुग्णांपैकी ७१ जणांत तो राहिला नव्हता.

टेनोफोविरच्या जुन्या प्रकारात मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन पाहत राहणं आलंच, विशेषतः मधुमेही आणि वयस्कर रुग्णांत. आणि डीएनए कितीही वर्षं ‘नॉट डिटेक्टेड’ असला, तरी सिऱ्होसिस झालेल्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, म्हणजे यकृताच्या कर्करोगाची रक्तातली खूण, चुकवता येत नाही. गोळीने कर्करोगाचा धोका घटतो, संपत नाही. गोळ्यांनी दाह शमल्यावर एएफपीचा आकडा अधिक विश्वासार्ह होतो, हा एक दुर्लक्षित फायदा.

राहिला गोळी थांबवण्याचा प्रश्न. अथेन्सच्या हाजियानिस यांनी ३३ ई-निगेटिव्ह रुग्णांची गोळी चार-पाच वर्षांनी मुद्दाम थांबवली आणि २०१२मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोळी थांबवल्यावर सुमारे सहा वर्षांत १३ जणांचा एचबीएसएजी गेला. गोळी चालू ठेवून एवढ्या जणांत हे घडलं नसतं, म्हणून जगभर खळबळ उडाली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत चित्र जरा फिकं झालं: थांबवताना एचबीएसएजी १०० आययूच्या खाली असलेल्या आशियाई रुग्णांना चांगली संधी, त्याच्या वर असलेल्यांत विषाणू बहुधा परततो, आणि काही थोड्यांत ती परतीची उसळी यकृत निकामी करून जीव घेते. ‘नॉट डिटेक्टेड’चा कागद पाहून मनानेच गोळी सोडणारे रुग्ण हाच धोका पत्करत असतात, फक्त त्यांच्यावर कोणाची नजर नसते.

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८पासून सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात; व्हायरल लोडसाठी खासगीत काही हजार रुपये मोजण्याआधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासावं आणि कागद तारखेने लावून ठेवावेत. पहिल्या वर्षी तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर सहा महिन्यांनी डीएनए आणि एएलटी, सोबत क्रिएटिनिन आणि सीबीसी, वर्षातून एकदा जमल्यास एचबीएसएजीची मोजणी. बहुतेकांना एवढं पुरतं. सिऱ्होसिस असेल तर गोळी थांबवण्याचा विचारही करू नये. नसेल आणि थांबवायचीच असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पहिले काही महिने दरमहा एएलटी आणि डीएनए तपासण्याची तयारी ठेवून. ती तयारी नसेल, तर गोळी चालू ठेवावी.